डोळे बांधून पद्मेचा मासा

१२ सप्टेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. पहिलं निरीक्षण: माणसं जिभेनं खात नाहीत, कानांनी खातात. भारी आहे म्हटलं की भारी लागतं. मी चौतीस वर्षं कोलकात्यात फिजिक्स शिकवलं, म्हणून तेवढा यातून सुटलो.

१४ सप्टेंबर
आमच्या लेकीचे, तितिरचे, होणारे सासरे पशुपती लाहा जेवायला आले. लग्न डिसेंबरात. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात हिलशाचा तुकडा तोंडात टाकून गृहस्थ म्हणाले, आमच्या गंगेच्या माशाची सर नाही हो याला.
मूळच्या पूर्व बंगालातल्या बारिसालच्या आम्हा गुहा कुटुंबाच्या घरात बसून हे बोलणं! मी म्हणालो, बांगलादेशातल्या आमच्या पद्मा नदीचा हिलसा मी डोळे बांधून ओळखीन. ते म्हणाले, ओळखा की. चुकलात तर लग्नाच्या पंगतीत हिलसा नाही, आम्हा पश्चिमेकडच्यांची कोळंबी. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.
तितिर म्हणाली, बाबा, माझं लग्न आहे, फुटबॉलची मॅच नाही. बायकोनं, सुतपानं, विचारलं, पद्मा कधी पाहिलीत तरी का? माझा जन्म इथलाच, कोलकात्यातल्या जादवपूरचा, हे खरं. पण चव रक्तात असते. हे शास्त्रीय आहे. कुठे वाचलं ते आठवत नाही.

१५ सप्टेंबर
संकल्प: जीभ शुद्ध ठेवणे. पान बंद. हिरवी मिरची बंद.

१६ सप्टेंबर
अर्धं पान खाल्लं. अर्ध्यानं काही होत नाही.

१९ सप्टेंबर
सरावासाठी हराधन मासेवाल्याकडून दोन मासे आणले, एक पद्मेचा, एक गंगेचा. दोन्ही चाखले. फरक उघड! पद्मेचा मऊ, तेलदार. दुसरा नुसता भुसा. मग सुतपा म्हणाली, वाट्यांची अदलाबदल झाली होती. चूक तिची. नोंद रद्द.

२७ सप्टेंबर, सकाळ
आज परीक्षा. तितिरच्या दोन्ही मामांना निकाल फोन करून आधीच कळवला.

२७ सप्टेंबर, संध्याकाळ
लाहांचं घर, बागबाजार. डोळ्यांवर गमछा. तीन तुकडे. पहिला खाडीचा, कोरडा. दुसरा गंगेचा, बरा. तिसरा जिभेवर टेकताच आजी आठवली, डोळे भरून आले. म्हणालो, हीच माझी पद्मा.
टाळ्या वाजल्या नाहीत.
तिन्ही तुकडे एकाच माशाचे. मासा गुजरातचा, भरूचहून बर्फात आलेला. लाहा म्हणाले, व्याहीबुवा, कोळंबी जरा मोठी घ्या.

२८ सप्टेंबर
प्रयोग सदोष होता. सुतपाला म्हटलं, तीस वर्षं या घरात पद्मेचाच मासा येतोय, माझी जीभ चुकेल कशी?
ती भोपळा चिरत होती. म्हणाली, हराधन देईल तो आणते मी. पद्मेचा म्हटलं की तुम्ही पोटभर जेवता, म्हणून तसं म्हणते.
राग आला. त्याहून जास्त लाज वाटली.

७ डिसेंबर
लग्न पार पडलं. पंगतीत कोळंबी. मामा हात आखडून बसले. आमच्याकडच्या लग्नात हे काय, म्हणाले. मी कानाशी जाऊन सांगितलं की खास बांगलादेशातल्या खुलन्याहून मागवली आहे. मग दोघांनी तीन-तीनदा घेतली. म्हणत होते, पूर्वेच्या पाण्याची बातच और.
आली होती कुठून, ते केटररला ठाऊक.
निघताना तितिर गळ्यात पडून रडली. मीही रडलो. याला काही कारण शोधलं नाही.

९ डिसेंबर
घर रिकामं. जेवण जाईना. सुतपानं आज मोहरीतला हिलसा केला. विचारलं, कुठला? ती म्हणाली, तुम्हाला कुठला हवाय?
थोडा वेळ शास्त्रीय विचार केला. म्हटलं, पद्मेचा.
ती म्हणाली, मग पद्मेचाच.
काय चव होती! भात दोनदा मागून घेतला.