जुनंच मागितलं

निपाणी. मंगळवार, पौष वद्य चौथ.

तंबाखूची रोकड नेताना माझ्याजवळ द्यायला मालकांनी आज दोन रिव्हॉल्वरं दाखवली. जुन्यातली रिकामी काडतुसं एकेक करून काढावी लागतात, नव्यातली सहाही एकदम पडतात. "नवं लई महाग. ते घेतलं तर तू एकटा बास, भीमाण्णाला कामावरनं काढतो," मालक म्हणाले. मी जुनंच चांगलं म्हणालो.

रोकड नेताना माझ्या जोडीला असतो त्या भीमाण्णाला कळल्यावर तो हसला. "नवं सोडून जुनं मागितलंस? येडा हाईस काय रं?"

खरं सांगितलं नाही. त्याच्यासाठी केलं की माझ्यासाठी? जांबोटीच्या घरापासून इतक्या लांब त्याच्याशिवाय मला कोण आहे? पण एकेक काडतूस काढेपर्यंत दरोडेखोर थांबतील काय? उद्या तवंदीचा घाट. काठी घेऊन पुढं भीमाण्णाच चालणार.