कंदिलाची दुसरी तार

१ नोव्हेंबर १९९३
पोचलो एकदाचा! नल्लकुंट्यातल्या दोन खोल्या पत्रात लिहिल्यापेक्षा चांगल्या निघाल्या. नळाला पाणी आहे, फाटकाशी पेरूचं झाड आहे, इथे त्याला जाम म्हणतात. पुण्याचा कारखाना नव्या धोरणात बंद पडला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नवखा झालो, तरी आज बरं वाटतंय. घरमालक लक्ष्मणराव निजामाच्या वेळपासूनचे इथले मराठी. चहा पाजून म्हणाले, मकान आपलंच समजा, परेशान होऊ नका. वरचा मजला तेवढा बंद असतो. बायको वंदना लेकीला, केतकीला घेऊन अकराला सकाळी नामपल्ली स्टेशनला उतरेल.

४ नोव्हेंबर
कंपनीत दहा तास उभा. पाय ठणकताहेत. आकाशकंदिलाशिवाय दिवाळी केतकीने पाच वर्षांत पाहिलेली नाही, म्हणून येताना कोठीच्या बाजारातून वायर, होल्डर, पिन आणली. वायर नेमकी अपुरी पडली. परत जायचं त्राण नव्हतं. करंट आणणारा फेज खोलीतल्या सॉकेटमधून घेतला आणि करंट परत नेणारं न्यूट्रल खिडकीपाशी वरून उतरलेल्या जुन्या तारेला पिळून टाकलं. वीस वर्षं कारखान्यात हेच केलं. न्यूट्रल कुठलंही चालतं. झाडावर कंदील झकास लागला.

६ नोव्हेंबर
कंदील बघून लक्ष्मणरावांचा चेहरा उतरला. वरची लाइन अकरा वर्षांपूर्वी थेट खांबापासून तोडून नेलीय म्हणाले. वर त्यांचा धाकटा भाऊ अंबाजी राहायचा, वायरमन. जिवंत तार त्याच्या मुठीत अडकली, सुटेना. बायको भामा ओढायला धावली, तीही चिकटली. दोघंही गेली. ऐकून वाईट वाटलं. पण जेवताना वेगळाच विचार आला. ती तार कुठेच जात नसेल, तर माझा करंट परत जातो कुठे?

७ नोव्हेंबर, रविवार
किल्ली मागून भर दुपारी वर गेलो. बोटभर धूळ. तार भिंतीतून हातभर लोंबत होती, टोक उघडं, कशालाही जोडलेलं नाही. खिडकीतून खाली कंदील जळताना दिसत होता. तारेवर मात्र धूळ नव्हती. टोकाजवळ मुठीएवढी जागा घासून लख्ख झालेली. मला भीती वाटली, फार वाटली. खाली येऊन सॉकेटचं बटण बंद केलं.

९ नोव्हेंबर
कामावरून येऊन खिडकीपाशी पिळलेली तार सोडवायला गेलो. वरून ओढ लागली. जोराची नाही. दमलेल्या माणसाने धरून ठेवावं तशी — पक्कड तिथेच टाकली.

१० नोव्हेंबर
अंगात ताकद नाही. केतकी आल्याआल्या कंदिलाकडे धावणार. त्याआधी हे काढायलाच हवं. स्टेशनवर लक्ष्मणराव जातील. मी इथे —

११ नोव्हेंबर, सकाळ
तार गुंडाळावी म्हणून सॉकेटमधली पिन उपसली. पितळी टोकांसकट मुठीत धरली. आणि कंदील लागला.

करंट वरून येतोय. माझ्यातून जातोय. डावी मूठ उघडत नाही. दातखीळ बसलीय, ओरडता येत नाही. उजवा हात तेवढा चालतोय —

जिन्यावर पावलं. खाली उतरताहेत. दोन माणसांची. एक बाईची —

अंबाजी आणि भामा मोकळी झाली. आता त्यांच्या जागी —

रिक्षा थांबली. लक्ष्मणराव ट्रंक उतरवताहेत. वही दाराकडे वळवून मोठ्या अक्षरांत लिहितो —

मला हात लावू नका

वंदना अजून फाटकात. केतकी पुढे पळत येतेय. तिला वाचता येत नाही. हसतेय. हात पसरून —