पुलावर थांबलेला चोर

टॅम्पिनीस, मंगळवार

ती. अक्का,

मिरजेच्या दिशेला तोंड करून (दिशा तुझ्या भावजयीने, उल्काने, फोनवर शोधून दिली, आमच्या खिडकीतून ती समोरच्या ब्लॉकच्या वाळत घातलेल्या चादरींच्या मागे येते) धाकट्या निशीचा वाकून नमस्कार. गुडघ्यामुळे अर्धाच वाकलोय, उरलेला अर्धा दिवाळीत येऊन पुरा करीन. तुझी साखर कशी आहे? दाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लांबचं स्वच्छ दिसतं आणि ते गच्चीत उभं राहून अख्ख्या गल्लीच्या चुका काढतात असं राधिकाकडून कळलं. म्हणजे प्रकृती उत्तम. आमच्याकडे उल्का मजेत आहे. मी कसा आहे ते पत्र वाचून तूच ठरव.

पत्र का, फोन का नाही, असं तू विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस हे एक (रागावू नकोस, दाजींनाही देत नाहीस), आणि व्हॉट्सॲपने शनिवारी माझा जो घात केला तो पुढे येईलच. म्हणून एका विश्वासू माणसाच्या हाती हे पाठवतोय. त्याला दारातूनच वाटेला लावू नकोस. आत घे, पंख्याखालच्या खुर्चीत बसव, पाणी दे, आणि तो बसलेला असतानाच पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच उठून ठाण्याला फोन लावायचा नाही. तुला माझी शपथ.

तर तू मला काम सांगितलंस की राधिकासाठी ठाण्याचं जे स्थळ आलंय, तो तन्मय तिथेच, तुमच्या आणि राधिकाच्या शहरात, बँकेत आहे, पीआर म्हणजे तिथला कायमचा रहिवासी झालाय, बायोडेटा झकास आहे, पण मुलगा माणूस म्हणून कसा, याची त्याला न कळता चौकशी कर. मामाने नाही करायची तर कुणी करायची. आता अक्का, चौकशी मिरजेत सोपी. वाण्याला विचारावं, न्हाव्याला विचारावं, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या बाईंना काही न विचारता नुसतं त्यांच्यासमोर उभं राहावं. इथे शेजाऱ्याला शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं. मी तन्मयच्या कॉन्डोच्या एसीची सर्व्हिस करायला स्वतः जाण्याचा बेत केला होता. (आपल्याकडे आता सहा व्हॅन आणि अकरा माणसं आहेत, पण मालकाने अजून शिडी विसरलेली नाही.) एसी उघडून बसलं की घरातलं सगळं ऐकू येतं. तुला माहीतच आहे, माझे कान हीच माझी डिग्री. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग जाणार ते मी जिन्यावरूनच सांगतो. पण त्याचा एसी चांगला चालत होता, काय करणार.

तेवढ्यात राधिकाकडूनच कळलं की तिने तन्मयला आपल्या शनिवारच्या खेळात बोलावलंय. हा खेळ म्हणजे पत्ते नव्हेत आणि कॅरमही नव्हे. टेबलाभोवती बसून एकजण अद्भुत गोष्ट सांगतो, राजे, राक्षस, जादूची जंगलं वगैरे, आणि बाकीचे त्यातलं एकेक पात्र घेतात. संकट आलं की आपल्या पात्राने काय करायचं ते आपण बोलायचं, आणि ते जमलं की नाही ते फासे टाकून ठरवायचं. अशी एकेक गोष्ट आठ-आठ महिने चालते. वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसांत दिवसभर कॉम्प्युटर बडवणारी ही शहाणी मुलं शनिवारी पुंगोलला एका ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेतल्या दगडी टेबलाशी जमतात आणि तलवारी उपसतात. शेजारच्या टेबलावर चिनी आजोबा त्यांचं बुद्धिबळ खेळत असतात. ते यांच्याकडे बघतात, हे त्यांच्याकडे बघतात, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याचं डोकं फिरलंय.

मी म्हटलं, याहून चांगली चौकशीची जागा मिळायची नाही. राधिकाला सांगितलं, मलाही घ्या. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला क्षणभर तूच दिसलीस. मग म्हणाली, ये, पण खेळात आलास की शपथ घ्यावी लागते. मी म्हटलं, घेतो. (तुझी हेरगिरी डोक्यात घेऊन गेलेल्या माणसाने आणखी एक शपथ घ्यायला नको होती, पण ते पुढचं.)

गोष्ट सांगणारी मुलगी जाई. जन्म इथलाच, मराठी आजीकडून शिकलेली, त्यामुळे तिचा राक्षससुद्धा फार अदबीने बोलतो. तिने मला समजावलं की अशा गोष्टींत ठरलेली पात्रं असतात. एक शूर वीर, त्याला शेवटी गादी मिळते. एक दाढीवाला ज्ञानी, त्याला सगळं आधीपासून ठाऊक असतं पण तो वेळेवर एक अक्षर सांगत नाही (आपले विहिणीकडचे अण्णा). एक चोर. आणि एक म्हातारा निष्ठावंत सेवक, तो सगळ्यांचं सामान उचलतो आणि योग्य वेळी मरतो, म्हणजे मग वीराला त्वेष चढतो. राधिका गादी हिरावलेली राणी होती, तन्मय वीर होता, आणि चोर होता अभय नावाचा एक लुकडा मुलगा. शिल्लक काय राहिलं ते तुझ्या लक्षात आलंच असेल. जाई म्हणाली, “काका, सेवक घ्या लाह, फार बोलावं लागत नाही.” (लाह हे इथल्या बोलण्याचं लाडाचं शेपूट.)

मी आनंदाने घेतला. या सगळ्या वीरांच्या कथांत मला लहानपणापासून एकच प्रश्न पडायचा, की हे आठ महिने डोंगर ओलांडतात तर यांचा भात कोण शिजवतो? अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी या देशात आलो तेव्हा दुसऱ्याची शिडी आणि दुसऱ्याचा डबा घेऊन त्याच्या मागे चालत होतो. भांडी वाहणाऱ्याचं पात्र मला कुणी शिकवायला नको. शिवाय मामा म्हणून आपली अब्रू सांभाळायची होती. आपल्या पुराणांत मामा या प्राण्याने जे दिवे लावलेत ते पाहता, गोष्टीत एकतरी बरा मामा असावा असं मला फार दिवसांपासून वाटतंय. तेव्हा मी राणीपुढे गुडघा टेकून (उजवा, डावा टेकत नाही) शपथ घेतली, की प्राण गेला तरी तिची साथ सोडणार नाही.

आता तन्मय. अक्का, काय बोलतो गं. जंगलात लांडगे आले तेव्हा त्याने उठून निष्ठेवर पाच मिनिटं भाषण दिलं, ते इतकं सुरेख की लांडग्यांनीच माघार घेतली (फाशांवर वीस पडले, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा). चेहरा गोरा, नखं कापलेली, इंग्रजी असं की वाटावं विमानातली सूचना चालू आहे. उलट तो अभय. येतानाच दहा मिनिटं उशीर, शर्टाला शाईचा डाग, आणि बसल्या बसल्या त्याने माझ्या गाठोड्यातलं मीठ चोरलं. (खेळातलं.) मी मनात म्हटलं, वीर तो वीर आणि चोर तो चोर, चौकशी संपली. कॉफीच्या सुट्टीत चालता चालता तुला व्हॉट्सॲप केला: मुलगा हिरा आहे, होकार कळव. दोन मिनिटांत तुझं उत्तर आलं की ठाण्याला कळवलं, पुढच्या रविवारी मंडळी येतायत, सुपारी फोडू. इतक्या वेगाने निर्णय आमच्या कंपनीत मीही घेत नाही.

आणि माझे कान, अक्का, नेमके मेसेज पाठवल्यावर उघडले.

कॉफीच्या स्टॉलवर आम्ही रांगेत होतो. तन्मयने राधिकाला विचारलं की तुझ्यात साखर? त्या दिवशी हे तिसऱ्यांदा विचारत होता. तिनेही तिसऱ्यांदा हसून सांगितलं. पुढे अभय होता. त्याने मागे वळूनही न बघता तिची काळी, बिनसाखरेची सांगितली, आणि मग स्टॉलवरच्या मावशींना म्हणाला, एक चहा, दूध जास्त, मामांना चहाच लागतो. मी त्याला काही बोललो नव्हतो. परत आलो तर माझ्या दगडी बाकावर त्याच्या बॅगेची उशी. राधिकाशी तो हळूच बोलला ते मी ऐकलं, की मामांचा डावा गुडघा दुखतोय, त्यांना कडेची जागा दे, पाय लांब करता येईल. आणि ती नुसती हं म्हणाली. अक्का, लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला तो हं कळतो. परक्या माणसाला असा हं म्हणत नाहीत. उलट तन्मयच्या बोलण्यात मी तासभर कान लावून बसलो, एक खरखर नाही. जो कॉम्प्रेसर अजिबात आवाज करत नाही तो एकतर कालच बसवलेला असतो, नाहीतर चालूच झालेला नसतो.

मग आला पूल. खाली दरी, पुलावर राक्षस, आणि राक्षसाची अट अशी की तुमच्यातला एकजण कायमचा इथे राहील, तरच बाकीचे जातील. तन्मय उठला. त्याने पुन्हा निष्ठेवर भाषण दिलं, आणि शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की सेवकाची शक्ती सगळ्यात कमी आहे, म्हणून तो राहिला तर नुकसान सगळ्यात कमी. शिवाय म्हाताऱ्या सेवकाचं कामच ते. बँकेच्या हिशेबाने त्याचं बरोबर होतं. मीही उठलो. म्हटलं ठीक आहे, भांडी तेवढी नीट न्या.

तेव्हा अभय म्हणाला, “मामा, तुम्ही चला पुढे. मी थांबतो.”

जाईने त्याला बजावलं की आठ महिन्यांत जमवलेलं सगळं जाईल, पात्रही संपेल. तो म्हणाला, माहीत आहे. तन्मयने हरकत घेतली की चोर असं करत नाहीत, पात्राच्या स्वभावात बसत नाही. अभयने खांदे उडवले. म्हणाला, “यांनी सकाळपासून सगळ्यांचं ओझं उचललंय. मी निदान पूल धरतो.”

आणि राधिकाने काय केलं, अक्का, ते ऐक. टेबलावर प्रत्येक पात्राची एक लाकडी बाहुली होती; तिने आपली, पूल ओलांडून पैलतीराला गेलेली, उचलली आणि पुलावर त्याच्या बाहुलीशेजारी नेऊन ठेवली. तुझी राधिका, जी भिकार-सावकार खेळताना सख्ख्या बापाला एक पान सोडत नसे. तिने गादी सोडली आणि आपल्या पात्राचा कागद मिटून टाकला. चिनी आजोबासुद्धा मान वळवून बघत होते.

मला त्या क्षणी कोण आठवलं सांगू? मी दहावीला गणितात गेलो तेव्हा आबा काठी घेऊन दारात उभे होते, आणि तू त्यांच्या आणि माझ्या मधे येऊन उभी राहिलीस. भाषण केलं नाहीस. म्हणालीस, निशीला आयटीआयला घालू या, त्याचे हात चांगले आहेत. तुझं स्वतःचं कॉलेज त्या वर्षी राहिलं, ते तू पुन्हा कधी काढलं नाहीस. माझ्या या सहा व्हॅन त्या दारातून निघाल्यात. मी तेव्हापासून माणूस ओळखायला एकच खूण धरायला हवी होती, आणि मी गोरा चेहरा बघून मेसेज केला.

परतताना तन्मय माझ्याबरोबर ट्रेनमध्ये होता. वाईट नाही गं पोरगा. तिसऱ्या स्टेशनला म्हणाला, अंकल, मलाही दिसलं. मी म्हटलं, मग तू घरी सांग की तुझा नकार आहे, विषय संपला. त्यावर जंगलातल्या लांडग्यांना पळवणारा तो वीर खिडकीबाहेर बघत म्हणाला, तुम्ही माझ्या आईला भेटला नाहीत. राधिकाला विचारलं, तू का नाही सांगत? ती म्हणाली, मामा, तू माझ्या आईला भेटलायस. मग मी उल्काला म्हटलं, तू कर फोन. ती म्हणाली, बहीण तुमची. म्हणजे बघ, राक्षसापुढे उभे राहणारे आम्ही तिघे आणि वर उल्का, आणि मिरजेचा नंबर फिरवायला एक बोट उचलेना.

असो. फार लांबलं. दाजींना नमस्कार, त्यांना म्हणावं गल्लीच्या चुका जरा कमी काढा, आता मेव्हण्याची एक मोठी सापडली आहे. तुझा हात डोक्यावर असावा, डोक्यात नको.

तुझा,
निशी

ता. क. रविवार रद्द कर. ठाण्याला तूच फोन कर आणि सगळा दोष माझ्यावर ढकल. सांग की आमचा भाऊ बिनडोक आहे, एसीच्या गॅसने झालं असेल. तन्मयच्या आई तुझ्यापुढे नमतील. तन्मयने तुला आगाऊ नमस्कार सांगितलाय.

ता. क. दुसरा. मी राणीशी घेतलेली शपथ मोडलेली नाही. तिने मला कुणाला काही सांगू नको असं कधीच म्हटलं नव्हतं. तुझीही हेरगिरी पुरी केली. एकाच पत्रात दोन मालकिणींशी निष्ठावंत राहिलेला सेवक तुला कुठल्याही गोष्टीत सापडणार नाही.

ता. क. तिसरा. आता हळूच मान वर कर. पंख्याखालच्या खुर्चीत बसलाय तो अभय. आमच्यातलं कुणी धजेना, तेव्हा हाच म्हणाला, मी जातो. आई साताऱ्याला शिक्षिका आहे, तिला भेटून पुढे मिरजेला आलाय. आत्तापर्यंत त्याने हातरुमालाच्या आठ घड्या घातल्या असतील, आणि शर्टावर डाग असेल तर तो नवा आहे. त्याने निघताना विचारलं, अक्का स्वभावाने कशा आहेत? मी म्हटलं, गाय. म्हाताऱ्या सेवकाला एवढं एक खोटं माफ असतं. तुला तोंडाने हो म्हणणं जड जाईल हे मला ठाऊक आहे, म्हणून त्याला एक खूण सांगून ठेवलीय. पसंत असेल तर फक्त म्हण, जेवून जा. त्याला कळेल, आणि पुढच्या मिनिटाला इकडे राधिकाला कळेल. पसंत नसेल तर चहावर पाठव. पण काहीही झालं तरी येताना त्याच्याजवळ दोन किलो भडंग दे. ते उल्काचं आहे, आणि तिच्यापुढे पुलावर थांबायला या वेळी कुणीच तयार नाही.