माझी गुप्त चौकशी

५ मे २००१
मराठीत 'य' या अक्षराइतकं उपेक्षित अक्षर दुसरं नसेल. आळेफाट्याला नोकरीचा अर्ज टाईप करून घेतला. 'संस्कृत विषयाचा शिक्षक, अनुभव एकवीस वर्षे' असं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं. टायपिस्टने 'संस्कृत विषाचा शिक्षक' केला. दहा झेरॉक्स काढल्यावर लक्षात आलं. तो म्हणाला की सर, येवढं कोण वाचतंय. चूक, की कारस्थान? त्याचा मेव्हणा आमच्याच शाळेत क्लार्क आहे.

६ मे
वस्तुस्थिती एकदा लिहून ठेवावी. संस्थेने जूनपासून संस्कृत बंद केलं, पोरांना कॉम्प्युटर हवाय. मला पत्र दिलं की आपण अतिरिक्त ठरला आहात. लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं, पण फोड केली तर अति-रिक्त, म्हणजे फारच रिकामा. शाळा विनाअनुदानित, तेव्हा दुसरीकडे सामावून घेणं वगैरे नाही.
घरी सांगितलेलं नाही. गरजही नाही. मे महिन्यात नोकरी असलेला आणि गेलेला मास्तर सारखाच दिसतो. ११ जूनला शाळा उघडायच्या आत नवी नोकरी, मग एकदम पेढे. संकल्प: रोज दोन अर्ज.

९ मे
अर्ज: शून्य. ऊन फार.

१४ मे
डिंभ्याला जाऊन आलो. धरणाजवळच्या एका निवासी शाळेला वसतिगृह सांभाळायला रेक्टर पाहिजे. घरी सांगितलं की साप्ताहिकासाठी मासेमारीची बातमी करायची आहे. मी साप्ताहिकाचा वार्ताहर आहे, निदान तेवढं खरं. सौ.ने विचारलं, मग येताना मासे आणणार का.
चेअरमन हनुमंतराव अर्ज चाळून म्हणाले की सर, आमी आमच्या पद्धतीनं चौकशी करू, मंग कळवू. 'आमच्या पद्धतीनं' म्हणताना किंचित हसले. हे वाक्य साधं नाही.
एसटी दोन तास आलीच नाही. मासेही मिळाले नाहीत.

१८ मे
सौ. आणि तिचा भाऊ कुंडलिक स्वयंपाकघरात कुजबुजत होते. मी आत गेलो तर एकदम कैऱ्यांचे भाव निघाले. आमची मुलगी वृषालीही मान खाली घालून कैऱ्याच बघत होती. पत्राचं फुटलं काय? जाताना कुंडलिकाने दाजी, तब्येत बरी हाय ना, असं दोनदा विचारलं. एकदा समजू शकतो.

२२ मे
चौकशी सुरू झाली. सलूनवाला रखमाजी सांगत होता की सफारीतले दोन पावणं मोटरसायकलवर आल्ते. दाढी करायची न्हाई, नुसतं बसलं आन् इचारत व्हतं, चांगदेव सर माणूस कसा हाय, घरात कोण कोण, वागणूक कशी. नाव सांगेनात. फक्त मंचरकडचे म्हणाले. परवा परत येणारेत.
डिंभ्याची वाट मंचरवरूनच जाते. चेअरमनची पद्धत ती हीच. वार्ताहराच्या नजरेतून काही सुटत नाही.

२३ मे
कामाला लागलो. रेक्टरला काय लागतं याचा विचार करून रखमाजी, पानवाला सावळाराम आणि गिरणीवरच्या लंकाबाई, तिघांकडून पाठ करून घेतलं. सरांची इथली नोकरी सुटलीय, लगेच मोकळे आहेत. घरचा पाश नाही, कुठंही जाऊन राहतील. आवाज मोठा, हातही उचलतात, घरातली माणसं शिस्तीत. रात्रभर जागायची सवय. लंकाबाईंनी विचारलं की सर, यातलं थोडं सांगू का समदं? म्हटलं, सगळं. आणि घरी एक शब्द नाही, शपथ आहे.

२४ मे
पाहुणे आले. रखमाजी म्हणतो, त्याने पदरचंही थोडं घातलं. दोघं एकमेकांकडे बघून उठले म्हणे, चहा अर्धा टाकून. गाडी मंचरच्या दिशेने सुसाट. घाई म्हणजे निकड. नोकरी पक्की.

४ जून
पत्र नाही. पोस्टमनवर पाळत ठेवली. तो मला नमस्कार करतो, पण डोळे चुकवतो.

८ जून
डिंभ्याचं कार्ड आलं. 'जागा एप्रिलमध्येच भरली असल्याने आपली चौकशी केलेली नाही.'
मग सफारीवाले कोण?

९ जून
कुंडलिकाने मला गोठ्यामागे नेलं. म्हणाला की दाजी, वृषालीसाठी मंचरचं स्थळ व्हतं. पोरगा डेअरीत हाय, लई गुणाचा. तुमाला आधी सांगितलं असतं तर तुमी त्यांचीच उलटतपासणी घेतली असती, म्हणून ताई म्हणली, आधी त्यांना आपली चौकशी करू द्या. तर गावात तीन ठिकाणी इचारलं आन् तिन्ही ठिकाणी येकच. बाप मारकुटा, रातभर जागतो, नोकरी गेलेली, घरचा पाश न्हाई. त्यांनी नको म्हणून निरोप धाडलाय. दाजी, येवढं वाईट कुणी केलं आपलं, नुसतं नाव सांगा.
मी म्हणालो, बघतो.

१० जून
सौ. गिरणीवर जाऊन भांडून आली. बाकीचं एक वेळ जाऊ द्या, म्हणाली, पण नोकरी गेली म्हणजे धडधडीत खोटं. लंकाबाईंनी शपथ पाळली, माझं नाव घेतलं नाही. उद्या शाळा म्हणून सौ.ने माझा सदरा इस्त्री करून खुंटीला लावलाय.
संध्याकाळी वृषाली जवळ येऊन बसली. अण्णा, आपल्याबद्दल लोकांनी असं का सांगितलं असेल, म्हणाली. मी टाईप केलेला अर्ज पुस्तकाखाली सारला. तो मुलगा तिने मामाकडे एकदा पाहिला होता. तिला आवडला होता, हे मला आज सौ.कडून कळलं.
नोकरीचं होईल काहीतरी, किंवा होणार नाही. तिला मी काय उत्तर देऊ, ते मला कळत नाही.