समोरच्या उतारावरची करवत

कामिसावा,
१८ सप्टेंबर १९९१

चि. हिसाओ भावोजी यांस त्सुरुएचे अनेक आशीर्वाद. इकडे मी आणि मांजर दोघीही खुशाल आहोत.

मुळ्याची रोपं वर आली. चतुर भाताच्या पेंढ्यांवर येऊन बसू लागलेत, म्हणजे थंडी दाराशी आलीच. पत्राला कारण झालंय सरपण. दरवर्षी जळण फोडून आणून देणारे ओनोदेरा लेकीकडे शहरात राहायला गेले. गेले दोन हिवाळे त्यांनीच मला तारलं होतं. आता दुसऱ्याचं तोंड बघायचं नाही, असं ठरवलंय. गेल्या वर्षीच्या वादळात घरामागे तीन ओक आडवे झालेत. ते कापायला तुमच्या दादांची जुनी चेनसॉ छपरीतून काढली. आठ किलोचं धूड आहे. दोरी ओढून ओढून माझा खांदा निखळायची वेळ आली, पण बाईसाहेब साध्या खोकल्यासुद्धा नाहीत.

तुम्ही बावीस वर्षं करवती दुरुस्त करायचं दुकान चालवलंत. तेव्हा ही कशी चालवायची ते सविस्तर लिहा. चालवू नका, असं मात्र लिहू नका. ते वाक्य तुमचे दादाही मला फार ऐकवायचे आणि मी कधीच ऐकलं नाही.

माझ्या धाकट्या जावेला, सेत्सुला आशीर्वाद. माया आहे तेवढी राहू द्या.
तुमची वहिनी, त्सुरुए


कामाइशी,
२५ सप्टेंबर १९९१

ती. त्सुरुए वहिनींना हिसाओचा शिरसाष्टांग नमस्कार.

चालवू नका असंच लिहिणार होतो. पण तुम्ही पहिल्याच पत्रात माझं तोंड बंद केलंत. ठीक आहे.

दादा गेल्यापासून टाकीत पेट्रोल तसंच पडून असणार. ते ओतून द्या. त्याची कार्बोरेटरमध्ये चिकट राळ झालेली असते, म्हणून तो उघडून ताज्या पेट्रोलने धुवा. टाकीतली रबरी नळी वाकवून बघा. तडे गेले असतील तर नवी पाठवतो. प्लग ब्रशने घासा. नवं पेट्रोल भरताना वीस भागांना एक भाग इंजिन ऑइल. हात आखडता घेऊ नका, जुन्या इंजिनांना तेल जास्त लागतं. साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या खोबणीतला भुसा तारेने काढा, नाहीतर साखळीला तेल पोचणार नाही. दातांना गोल कानस आतून बाहेर, एकाच दिशेने. प्रत्येक दाताला सारखे फटके. ढलप्या उडाल्या तर धार बरी आहे. पीठ पडू लागलं तर थांबा. लाकडाबाहेर रिकामी पळवू नका, इंजिन जळतं.

आता नीट ऐका. या करवतीला ब्रेक नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर ती थेट तोंडावर उसळते. आणि सगळी थरथर हाडांत उतरते. माझी बोटं थंडीत मेणासारखी पांढरी पडतात, ते तुम्ही पाहिलंयत. माझ्या शर्टाची बटणं सेत्सु लावते. म्हणून एका वेळी दहा मिनिटं, मग चहा.

घरामागचंच कापा. समोरच्या उतारावर जाऊ नका.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या.
आपला, हिसाओ


कामिसावा,
९ ऑक्टोबर १९९१

चि. हिसाओ भावोजी यांस अनेक आशीर्वाद.

सुरू झाली! नळीला तडेच होते. तुम्ही पाठवलेली बसवली आणि सातव्या ओढीला तिने अशी आरोळी ठोकली की मांजर दोन दिवस घरी आलं नाही. रोज सकाळी तासभर कापते, दर दहा मिनिटांनी चहा पिते. पट्टी अडकू नये म्हणून चिरेत लाकडी पाचर ठोकायचंही माझं मला सुचलं. शेजारीण म्हणते, या वयात तू लाकूडतोड्या झालीस. मी तिला म्हटलं, तुझ्याहून बरी, तू तर अजून नवऱ्यालाच कापतेस.

एक विचारायचं होतं. अकराच्या सुमाराला मी करवत बंद केली की समोरच्या उतारावर दुसरी सुरू असते. पहिल्यांदा वाटलं प्रतिध्वनी. पण प्रतिध्वनी माझी बंद झाल्यावर पाच मिनिटं चालेल का? वनसंस्थेत विचारून आले. यंदा त्या बाजूला कुणालाच काम दिलेलं नाही, असं ते म्हणाले.

खरं सांगू? मला भीती वाटत नाही. तुमचे दादा दोन वर्षांपूर्वी तिथेच गेले. मला वाटतं तेच आहेत. चहाचा दुसरा पेला मी आता त्या दिशेला तोंड करून पिते.

कळवा. ओढ आहेच, पत्रातूनही दिसू द्या.
त्सुरुए


कामाइशी,
१४ ऑक्टोबर १९९१

ती. वहिनींना सा. नमस्कार.

घाईत लिहितो. डोंगरात आवाज फसवतो. पलीकडच्या दरीत कुणी कापत असेल, वारा आणत असेल. तिथे जाऊ नका. ज्या झाडाखाली दादा सापडला, ते दुसऱ्या झाडाला अडकून अजून तसंच तिरकं उभं आहे, कुणी पाडलेलं नाही. असं झाड वाऱ्याच्या झुळकेनेही खाली येतं.

हात जोडून विनंती आहे. लोभ ठेवा आणि एवढं ऐका.
हिसाओ


कामिसावा,
२० ऑक्टोबर १९९१

चि. भावोजी, अनेक आशीर्वाद.

नाही ऐकलं. काल गेले होते. झाडाखाली नव्हे, वरच्या अंगाला, तुमच्या दादांनी बसायला ठेवलेल्या ओंडक्याजवळ उभी राहिले. लख्ख ऊन होतं. अकराला पंधरा मिनिटं कमी असताना माझ्या पुढ्यात वीस पावलांवर करवत सुरू झाली. भावोजी, तिथे कुणी नव्हतं. नेचे वाऱ्याने हलत होते तेवढेच. जळक्या तेलाचा वास मात्र आला, नाकात झोंबेल असा.

आधी तीन वेळा रिकामीच गुरगुरली, ओळीने, सारख्या अंतराने. मग लाकडात शिरली. तो जड आवाज आता मला कळतो. मग एकदम लाकडाबाहेर आली आणि पुढे कितीतरी वेळ नुसतीच किंचाळत राहिली. तुम्ही बजावलं होतंत ना, रिकामी पळवू नका, इंजिन जळतं? तुमचे दादा तर पेट्रोलचा थेंब वाचवणारे. ते अशी का पळवतील? आणि ते तीन झटके? ते कधीच असं करत नसत.

तेवढं सांगा. तुम्हाला करवतींचं सगळं कळतं.
माझ्यावरची माया आटू देऊ नका.
त्सुरुए


कामाइशी,
२४ ऑक्टोबर १९९१

ती. वहिनींना हिसाओचा नमस्कार. तो स्वीकारावा असं म्हणायला तोंड नाही.

तो दादा नाही. तीन झटके मी देतो. बोटांना करवतीचा खटका जाणवत नाही, म्हणून बोट जागेवर आहे ना ते कानांनी तपासायची मला सवय लागली होती.

त्या दिवशी दादा एकटा नव्हता. मी सगळ्यांना सांगितलं, मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. ते खोटं होतं. कापत मी होतो. माझा काप चुकला आणि झाड पलीकडच्या देवदारात अडकलं. दादा बांबू घेऊन बुंधा सरकवायला खाली गेला. मी वरून दुसरा काप घेत होतो, तेवढ्यात शेंडा हलताना दिसला. करवत बंद करून ओरडायला हवं होतं. वहिनी, बोटं उघडलीच नाहीत. पांढरी, लाकडासारखी, खटक्यावर आवळलेली. मी ओरडत होतो आणि ती माझ्याच हातात किंचाळत होती. बुंधा हातभर घसरला, दादाच्या छातीवर आला आणि झाड पुन्हा अडकलं. दादाला काही ऐकूच गेलं नाही. त्यानंतर दुकान बंद केलं. लोकांना हाताचं कारण सांगितलं.

ती करवत इथे पेटीत आहे. टाकी कोरडी, प्लग काढलेला. तुमचं पत्र आलं त्या सकाळी अकराला पेटी उघडली. मला ऊन-गार कळत नाही, म्हणून सेत्सुला हात लावायला सांगितलं. ती म्हणाली, कोमट आहे.

हिसाओ


कामिसावा,
२८ ऑक्टोबर १९९१

हिसाओ भावोजी,

तुमचे दादा गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला तुम्ही माझ्याकडे जेवलात. माझ्या हातचं लोणचं मागून घेतलंत. दोन वर्षं मी त्यांच्या फोटोला बोल लावत आले, की एकट्याने झाडाखाली जाण्याचा हट्ट नडला.

रविवारी सकाळी या. त्या झाडाला पाडायला काय लागतं ते घेऊन या.

त्सुरुए


कामिसावा,
६ नोव्हेंबर १९९१

चि. सेत्सु हिला त्सुरुएचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. भावोजी परतल्यापासून काही बोलत नाहीत, तिथे काय घडलं ते कळवा, असं लिहिलंस. तुझा हक्क आहे, सांगते.

ते हातानं फिरवून दोर ओढायचा रहाट आणि लोखंडी दोर घेऊन आले. माझ्याशी नजर मिळवेनात. मीही मिळवली नाही. रहाट वरच्या अंगाला दूर एका जाड बुंध्याला बांधला. दोराचं टोक लांब काठीने झाडाच्या बुडाला अडकवलं, खाली कुणीही गेलं नाही. तेवढ्यात वेळ झाली. तीन झटके ऐकू आले. भावोजींचा चेहरा राखेसारखा झाला. हात रिकामे होते, पण उजव्या हाताची बोटं आपोआप वळली. करवत लाकडात शिरली. मग आवाज बदलला आणि त्याच क्षणी ते ओरडले. दादाला बाजूला हो म्हणाले, मागे सर म्हणाले, अरे इवाओ दादा बाहेर ये म्हणाले. एवढ्याशा माणसात एवढा आवाज कुठून आला कोण जाणे, पलीकडची दरीसुद्धा दणाणली.

आणि करवत बंद झाली, सेत्सु. कुणीतरी खटक्यावरचं बोट उचलावं तशी. मागे उरलेली साखळीची सळसळसुद्धा मी ऐकली.

मग रहाट फिरवून बुंधा मागे ओढला. शेंडा देवदारातून सुटला आणि झाड आडवं झालं. भावोजींची बोटं पांढरी पडली होती. मी ती दोन्ही हातांत धरून चोळत बसले, रंग परत येईपर्यंत. राग गेलेला नाही, तसं मी त्यांना सांगितलंय. पण जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही आणि लोणचं न मागता वाढलं. त्यांना बोलायचा आग्रह करू नकोस. पेटीला मात्र रोज हात लावून बघ आणि ती गार आहे, एवढं त्यांना सांगत जा.

आता माझं. काल सकाळी मी नेहमीसारखी कापायला गेले. अकराला करवत थांबवली आणि समोरच्या उताराकडे तोंड करून उभी राहिले. नुसती पानं पडत होती. ती करवत भावोजींची होती, हे मला माहीत आहे. पण ती चालू असेपर्यंत माझा माणूस तिच्याजवळ जिवंत उभा होता. दुपारपर्यंत वाट पाहिली. मग घरात आले, ते गेल्यापासून फळीवर तशीच ठेवलेली त्यांच्या नावाची जेवणाची ताटली खाली काढली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळं रडले.

तुम्हा दोघांवरचा जीव कमी झालेला नाही, तुम्हीही होऊ देऊ नका.
त्सुरुए