पांढरं माझं, पिवळं तिचं

३ मार्च
आज सकाळी टोपलीभर अंडी फोडली. पांढरं माझ्या फोटोच्या कागदांना लावायला, पिवळं मठात संतांची चित्रं काढणाऱ्या झामफिराबाईंच्या रंगांत घालायला. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात अंडं खायचं नाही, पण कोंबड्यांना कोण सांगणार? अख्खं गाव आणून देतं. बलकाची वाटी घेऊन मठाचा चढ चढलो. झामफिराबाई एका संताची दाढी रंगवत होत्या. म्हणाल्या, "उस्ताद, नवरा गेल्यापासून इतक्या नेमानं माझ्या दारात कुणी आलं नाही. आणि आलं तर बलक घेऊन!"
घरी येईपर्यंत हसतच होतो.

९ मार्च
त्यांना लग्नाचं विचारायचंय. हा तिसऱ्या वर्षीचा उपास चाललाय. अजून विचारायचंच आहे.

१५ मार्च
ऊन! गेल्या आठवड्यात त्यांचा फोटो काढला होता. त्या एकाच काचेच्या निगेटिव्हवरून तीन प्रती केल्या. मिठाच्या कागदावरची विटेसारखी लालसर. अंड्याच्या कागदावरची सोन्याच्या पाण्यात बुडवली – जांभळट, गार, पापण्या मोजाव्यात अशी! जिलेटिनच्या कागदावरची गंधकात घातली, ती मधाच्या रंगावर गेली. पण वास! फादर इरिनेउ कुंपणापलीकडून ओरडले, "उपासात चोरून अंडी खातोस? तीही सडकी?"
दुपारभर तिन्ही खिडकीत मांडून बसलो. चेहरा एकच. पहिलीत त्या बोलायच्या बेतात आहेत. दुसरीत बोलून झालंय. तिसरीत काहीतरी आठवतंय. देवा, तुझ्या एका उजेडाला किती रंग!
सोन्याचीच द्यावी. सोन्यामुळे चित्र टिकतं. ती देऊन लगेच विचारायचं.

२५ मार्च
फजिती! तिन्ही प्रती नेल्या, सोन्याची पुढे केली. "सोनं? सोनं संतांच्या डोक्यामागे असतं, उस्ताद. माझी तर रोजची भाजी करपते!" – असं म्हणून ती प्रत बाजूला सारली, मिठाची उचलली. "ही मी."
म्हणालो, "हिला सोनं नाही. काही वर्षांत फिकी पडेल."
"पडू दे की. मी आहे ना समोर!"
आणि मी काय केलं? रिकामी वाटी उचलली, "बरं, येतो" म्हणालो. गाढव!

२६ मार्च
"मी आहे ना समोर." दिवसभर तेच कानात.

५ एप्रिल
झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. उपासात आज मासा चालतो. ताट तसंच ठेवून देवळात गेलो. मेणबत्ती लावली. देवाकडे बोलायला जीभ मागितली, बाकी काही नाही.

१२ एप्रिल
ईस्टर. देवळाच्या अंगणात त्यांच्या लाल अंड्यावर माझं अंडं आपटलं. माझं फुटलं! ज्यांनी आज एकमेकांच्या अंड्यावर अंडी आपटली ते परलोकात भेटतात, असं आमच्याकडे म्हणतात. "चला, तिथे भेट ठरली," त्या म्हणाल्या.
"तोवर इथे एकाच घरात राहूया का?" – विचारलं. मी!
मागे फादर उगाच खोकले. झामफिराने तिचं अंडं सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं. "आजपासून बलकासकट."
खाल्लं.