नदीला वाचून दाखवलेला हुकूम

महिना दुसरा, तारीख ६

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुला बढती मिळाल्याचं आईने एव्हाना अख्ख्या गल्लीला सांगून टाकलंय. नदीखात्यात पाहणी-कारकून म्हणजे नेमकं काय, हे तिला कळलेलं नाही, मलाही नाही. पण मुलगा सम्राज्ञीच्या दरबारात बसतो, एवढं तिला पुरतं. तिथली फरशी थंड असते म्हणे, पायमोजे घालत जा.

आता कामाचं. नदी बारा वर्षं आपल्या खोऱ्यात आणि बारा वर्षं डोंगरापलीकडे, हा साम्राज्याचा नियम. मागच्या खेपेला आपल्या निळ्या कापडाच्या जोरावर मुदत वाढवून मिळाली. ती आता संपते आहे. फौजेच्या अंगावर आपला रंग, टपालवाल्यांच्या अंगावर आपला रंग. आणि वाहतं पाणी नसेल तर सुताच्या लडी खळबळायच्या कुठे? रंगाच्या कारखान्यात माझ्या हाताखाली अकरा बायका आहेत, त्यांच्या चुली या पाण्यावर पेटतात.

पलीकडच्या पाहणीला तूच जाणार असं ऐकलं. खोटं लिही असं मी म्हणत नाही. पण चार शब्द आपल्या बाजूने पडले तर कुणाचं काय बिघडेल? आईचा आशीर्वाद. पत्राची वाट पाहते.

तुझी,
ताई


महिना दुसरा, तारीख २८

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पलीकडे आठ दिवस राहून कालच परतलो. पायमोजे होते, पण तिथे त्यांचा उपयोग नव्हता. जमीन तव्यासारखी तापते. नदीच्या कोरड्या पात्रात आठवडी बाजार भरतो. पुलाखालून गाड्या जातात. एके काळी अर्ध्या साम्राज्याला धान्य पुरवणारं खोरं आता सरकारी कोठारातून आलेलं खातं, तेही गाड्या वेळेवर आल्या तर.

एका कुंभारणीच्या घरी उतरलो होतो. पाणी नाही म्हणून चाक बंद, पण चेहऱ्यावर तक्रार नाही. पहिल्या दिवशी तिने मला भरलेला पेला दिला. मी अर्धा प्यायलो आणि उरलेल्याने हात धुतले, आपल्याकडे धुतो तसे. जरा वेळाने पाहिलं, तर तिची सून फरशीवरचं पाणी फडक्याने टिपून भांड्यात पिळत होती.

ताई, नदी पलीकडे द्यावी असं मी लिहिलं आणि खाली सही केली. तू चार शब्द मागितलेस, तेवढेही मला देता आले नाहीत. हवी तेवढी रागव, पण उत्तर पाठव. आईला नमस्कार.

तुझा,
धाकटा


महिना चौथा, तारीख ३०

ती. ताईस, सा. न. वि. वि.

दोन महिने झाले, तुझी ओळ नाही. आईची खुशाली शेजारच्या शिंप्याने लिहून पाठवली, त्यात तुझं नावसुद्धा नव्हतं. समजायचं ते समजलो.

दिवाणांनी माझा अहवाल मान्य केला. सम्राज्ञीची मोहोर उठली. पण नदी दरबाराचं ऐकत नाही, हे तुला माहीत आहे. तिचं पाणी रोज पिणाऱ्या कुणीतरी काठावर उभं राहून हुकूम वाचला, तरच ती उठते. गावातून कुणी वाचलं नाही, तर फौज बांध घालून तिला वळवणार. उत्तरेला एकदा असं केलं होतं. तिथे दोन्ही खोऱ्यांत आज दलदल आहे.

मी वाचलं असतं, पण ते पाणी सुटून मला तेरा वर्षं झाली. तुला वाच असं सांगायचं तोंड मला नाही. फक्त कळवतो आहे.

तुझा,
धाकटा


महिना पाचवा, तारीख २१

चि. धाकट्यास, आशीर्वाद. रागावले म्हणून ते आटत नाहीत.

लिहिलं नाही, कारण लेखणी हातात घेतली की शिव्याच यायच्या, आणि कागद महाग आहे.

गावसभा तीनदा भरली. वाचणार कोण म्हटलं की जो तो चपला शोधायला लागायचा. कारखान्यातली आपली थोरली आत्या मला म्हणाली की भावाने लिहिलं ते निस्तरायला तू कशाला जातेस. तेव्हा मी तुझं पत्र सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. फडक्यापाशी आले आणि हौदाकाठी आत्याने पिळायला घेतलेली लड खाली ठेवली. आम्हा बाराजणींचा जन्म ओलं कापड पिळण्यात गेला. पण आम्ही पिळून पाणी टाकतो. दुसऱ्या दिवशी आत्याच मला हाताला धरून घाटावर घेऊन गेली.

हुकूम तूच लिहिलेला दिसतो, एका वाक्यात सात स्वल्पविराम. माझा दम पुरेना. वाचून संपलं, तरी नदी आपली वाहतेच आहे. मग कागद आत्याकडे दिला आणि घरातल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, की तुझ्यावाचून आमचे हाल होतील, पण तिकडे लोक फार दिवस वाट बघताहेत, तू जा. तेव्हा ती थांबली. बराच वेळ बसलेली पाहुणी पदर सावरून उठावी, तशी उठली आणि डोंगराकडे निघाली. संध्याकाळी पात्रात मासे गोळा करणारे लोक होते. मी घरी येऊन झोपले.

सात बायका दोन लाकडी हौद गाडीवर घालून पलीकडे गेल्या. तुझ्या कुंभारणीने त्यांना ओसरी दिली आहे. मागे राहिलेल्या आम्ही विहिरीवर काम करतो. तिच्या पाण्यात निळा धरत नाही, मातकट पिवळा येतो. फौजेला पिवळा शोभेल का, दरबारात विचारून बघ.

तो अहवाल कुणी लिहिला असं बाजारात लोक विचारायचे, तेव्हा मी भाजीचा भाव विचारत पुढे जायची. काल गुळवाल्याने पुन्हा विचारलं. मी थांबले आणि सांगितलं, माझ्या भावाने.

रजा मिळाली की घरी ये. लोभ आहेच, तो पत्रातून मागावा लागत नाही.

तुझी,
ताई